बेळगाव तालुक्यातून डीआरडीओपर्यंत : सायंटिस्ट 'बी' भरतीचा माझा अनुभव

गेल्या महिन्यात माझं इंडक्शन ट्रेनिंग संपलं. संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेत, म्हणजे डीआरडीओत, मी सायंटिस्ट 'बी', म्हणजे शास्त्रज्ञांच्या पहिल्या पायरीवर, रुजू झाले आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातली इंजिनिअरिंगची मुलं-मुली अधूनमधून फोन करतात आणि सगळ्यांचे प्रश्न जवळजवळ तेच असतात. परीक्षा कुठली? ओळख लागते का? मराठी शाळेत शिकलेल्याचा तिथे निभाव लागतो का? पोलीस घरी येऊन काय विचारतात? मला हे सांगणारं कुणी भेटलं नव्हतं, म्हणून सगळं क्रमानं लिहून ठेवते. जे जाहिरातीत छापलेलं असतं आणि जे मी स्वतः पाहिलं, तेवढंच लिहिते. मी कुठल्या प्रयोगशाळेत आहे आणि तिथे काय करते ते इथे येणार नाही. १९२३ चा ऑफिशियल सीक्रेट्स अॅक्ट वाचून त्याखाली सही केलेली आहे.

माझं गाव बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात. घरची थोडी भात-रताळ्याची शेती, आणि बाबा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, मोल्डिंगला. सातवीपर्यंत गावातली मराठी शाळा, पुढे इंग्रजी माध्यम, मग व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या) एका कॉलेजातून २०२२ मध्ये मेकॅनिकलची बीई. आमच्याकडे फौजेचं कुणाला नवल नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर बेळगावात, सांबऱ्याला हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र, आणि प्रत्येक गल्लीत एखादे तरी निवृत्त सुभेदार. माझे थोरले काकाही हवालदार म्हणून निवृत्त झाले. भरतीला धावायला जाणारी पोरं आम्ही रोज बघतो. पण त्या जवानाच्या हातातली रायफल, तोफ, रडार कोण तयार करतं आणि त्या माणसांची भरती कशी होते, हे काकांनाही ठाऊक नव्हतं.

मुख्य दार आहे गेट, म्हणजे इंजिनिअरिंगच्या पदवीवर होणारी देशपातळीची परीक्षा. पूर्वी डीआरडीओची सेट नावाची स्वतःची लेखी परीक्षा असायची, आता गेटचा स्कोअरच धरतात. तीन तास, पासष्ट प्रश्न, शंभर गुण. त्यातले पंधरा गुण जनरल अॅप्टिट्यूडचे, आणि ते सोडून देणं परवडत नाही. स्वतःचा कॅल्क्युलेटर नेता येत नाही. स्क्रीनवरचा वापरावा लागतो, त्यामुळे सराव त्याच्यावरच करा. परीक्षा फेब्रुवारीत होते, निकाल मार्चच्या मध्याला लागतो आणि स्कोअर तीन वर्षं चालतो. बेळगावात केंद्र असतं, पण अर्ज उशिरा भरला तर ते मिळेलच असं नाही. २०२३ च्या परीक्षेला मुलींसाठी फी ८५० रुपये होती, खुल्या गटातल्या मुलांना १७०० रुपये.

क्लास मी लावला नाही. पैसे नव्हते हे एक, आणि मेकॅनिकलचे मूळ विषय नीट झाले तर क्लासची गरज पडत नाही असं माझं आजही मत आहे. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स, थर्मो, मॅन्युफॅक्चरिंग आणि गणित, एवढं खणून काढलं. शहापुरातल्या एका अभ्यासिकेत सकाळी सातला जागा धरायची आणि संध्याकाळी शेवटच्या बसनं गावी परतायचं. आईनं त्या वर्षी मला शेतात एकदाही बोलावलं नाही. त्या एका वर्षाचं तिचं कामाचं ओझं मला आजही जाणवतं.

गेटचा स्कोअर आला म्हणजे भरती झाली, असा अनेकांचा समज असतो. तसं नाही. डीआरडीओचं रिक्रूटमेंट अँड असेसमेंट सेंटर, ज्याला सगळे आरएसी म्हणतात, ते दिल्लीत तिमारपूरला आहे. ते वेगळी जाहिरात काढतं आणि अर्जही त्यांच्याच साइटवर वेगळा भरायचा असतो. जाहिरात कधी निघेल ते ठरलेलं नसतं, त्यामुळे साइट दर आठवड्याला बघायची सवय लावून घ्या. माझ्या वेळी ती पावसाळ्याच्या अखेरीस निघाली, तेव्हा आमच्याकडे रताळी काढायची घाई चालली होती. मुलींना अर्जाची फी नव्हती, खुल्या गटातल्या मुलांना शंभर रुपये. पद केंद्राच्या वेतनश्रेणीतल्या लेव्हल १० चं, मूळ पगार ५६,१०० रुपये आणि वर भत्ते. निवडीची पद्धतही जाहिरातीतच होती : एका जागेमागे गेटच्या गुणवत्तेनुसार दहा जणांना मुलाखतीला बोलवायचं, आणि अंतिम यादीत गेटला ऐंशी टक्के व मुलाखतीला वीस टक्के वजन द्यायचं. हे आकडे एका जाहिरातीतून दुसऱ्या जाहिरातीत बदलू शकतात, म्हणून दर वेळी मूळ जाहिरात शब्दन् शब्द वाचा. यूट्यूबवरच्या सांगोवांगीवर जाऊ नका.

ओळख लागते का, याचं उत्तरही इथेच देते. या पूर्ण प्रवासात माझ्यासाठी कुणीही कुणाला फोन केला नाही, आणि करायचा म्हटला असता तरी तसं आमच्या घरात कुणी नव्हतं.

कागदपत्रांबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण सीमाभागातल्या मुलांची खरी दमछाक इथे होते. माझ्या जन्मदाखल्यावर Belgaum, एसएसएलसीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या, मार्क्स कार्डावर Belagavi. शहराचं नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृतपणे बदललं, हे आपल्याला माहीत असतं, दिल्लीतल्या टेबलाला ते माहीत असेलच असं धरून चालू नका. नावाचंही तसंच. एसएसएलसीवर माझं नाव आणि पुढे वडिलांचं आद्याक्षर, आधारवर पूर्ण नाव आणि आडनाव, डिग्रीवर तिसराच क्रम. मी नोटरीसमोर एकच प्रतिज्ञापत्र केलं. त्यात या सगळ्या नावांची व्यक्ती एकच आहे आणि दोन्ही गावनावं एकाच शहराची आहेत, हे एकत्र लिहून घेतलं. ई-स्टॅम्प, टायपिंग आणि नोटरी मिळून तीनशेच्या आत काम झालं. जे दाखले फक्त कन्नडमध्ये होते त्यांचं इंग्रजी भाषांतर नोटरी करून मूळ कागदाला टाचलं. ही फाइल अर्ज भरायच्या आधीच तयार ठेवा. मुलाखतीचं पत्र आल्यावर धावपळ करायला वेळ पुरत नाही.

आणखी दोन गोष्टी. राखीव प्रवर्गातून अर्ज करणाऱ्यांनी पक्कं लक्षात ठेवावं की मागासवर्गीयांची राज्याची यादी वेगळी आणि केंद्राची वेगळी. नाडकचेरीतून (गावपातळीच्या महसूल कार्यालयातून) राज्याच्या नमुन्यात मिळालेला दाखला इथे चालत नाही. केंद्राचा नमुना छापून सोबत न्या आणि त्यातच दाखला मागा. दुसरं, डिग्रीला प्रथम श्रेणी लागते आणि आपल्या मार्क्स कार्डावर सीजीपीए असतो. त्याचे टक्के कसे काढायचे ते सांगणारा विद्यापीठाचा कागद कॉलेजच्या ऑफिसातून आधीच घेऊन ठेवा.

मुलाखतीचं पत्र २०२४ च्या सुरुवातीला आलं. बेळगावहून थेट गोवा एक्स्प्रेस आहे, निजामुद्दीनला उतरवते. बाबा सोबत आले. तिकिटं जपून ठेवा, उमेदवाराचं रेल्वेभाडं नियमाप्रमाणे परत मिळतं. मेट्रोच्या पिवळ्या लाइननं विश्वविद्यालय स्टेशन गाठायचं आणि तिथून रिक्षा. आदल्या दिवशी जाऊन जागा बघून आलो, त्यामुळे सकाळी जीव शांत होता. आधी कागदपत्रं तपासतात. तिथे त्या प्रतिज्ञापत्राकडे एक नजर टाकली आणि शिक्का मारला.

बोर्डात डीआरडीओतले वरिष्ठ शास्त्रज्ञ आणि बाहेरचे प्राध्यापक होते. मला वाटलं होतं क्षेपणास्त्रांची नावं आणि पल्ले विचारतील. तसलं काही विचारलं नाही. कुठली, वडील काय करतात, इथून सुरुवात झाली. फाउंड्री म्हटल्यावर एकांनी विचारलं, कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे वायूची पोकळ छिद्रं, का पडतात? हे मी लहानपणापासून जेवताना ऐकत आले होते. वाळूतला ओलावा, वायू बाहेर पडायला वाट नसणं, गेटिंग (साच्यात धातू ओतायची वाट) चुकणं, सगळं सांगितलं. मग लगेच पुढचा प्रश्न : तोफेची नळी ओतीव का करत नाहीत? इथून पुढची मुलाखत त्या एका नळीभोवती फिरली. ओतीव कामात आत राहणारी सूक्ष्म छिद्रं, घडीव पोलादातली दाट रचना, वारंवारच्या दाबानं भेगा कशा वाढतात. मग जाड भिंतीच्या सिलिंडरची लामेची समीकरणं फळ्यावर लिहायला सांगितली. ताण आतल्या पृष्ठभागावर सर्वाधिक असतो हे आकृती काढून दाखवलं. मग विचारलं, भिंत जाड न करता नळी जास्त दाब कशी सोसेल?

ऑटोफ्रेटेज हा शब्द मी पुस्तकात वाचला होता. नळी तयार करतानाच आतून मुद्दाम एवढा दाब देतात की आतला थर कायमचा ताणला जातो आणि बाहेरचा थर लवचीकच राहतो. दाब काढला की बाहेरचा थर आतल्याला आवळून धरतो. मग गोळा सुटताना येणारा ताण आधी ती आवळण मोडण्यात खर्ची पडतो. हे इंग्रजीत सांगताना मी अडखळत होते, तेव्हा अध्यक्ष म्हणाले, हिंदीत सांगा, चालेल. मी त्यांना बैलगाडीच्या चाकाचं सांगितलं. लोखंडी धाव तापवून लाकडी चाकावर बसवतात आणि ती निवताना चाकाला आवळते, तसं. ते म्हणाले, जुन्या काळी तोफांच्या नळ्याही अशाच, तापवलेली कडी एकावर एक चढवून करत असत. मग दोन सिलिंडर असे एकात एक बसवले तर संयोगाच्या जागी ताण किती, असा पुढचा प्रश्न आलाच.

मुलाखतीला जाणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच की तुमच्या आवडीचे दोन-तीन विषय मुळापर्यंत करा. जिथपर्यंत येतं तिथपर्यंत ते नेतात, आणि येत नाही तिथे 'माहीत नाही सर' म्हटलेलं चालतं. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी आकृती बरोबर असली की माणसं ऐकून घेतात.

निकाल लागला, यादीत नाव होतं, आणि मग सुरू झाली सगळ्यात लांबची वाट. ऑफर आली तरी पोलीस पडताळणी आणि वैद्यकीय तपासणी झाल्याशिवाय रुजू होता येत नाही. अटेस्टेशन फॉर्म येतो. त्यात आई-वडील आणि भावंडांची माहिती, शिक्षण, आणि गेल्या पाच वर्षांत जिथे वर्षापेक्षा जास्त राहिलात ते पत्ते. हॉस्टेलला राहिला असाल तर तो पत्ताही येतो, आणि तिथल्या पोलीस ठाण्याकडेही चौकशी जाते. शेवटच्या कॉलेजकडून चारित्र्याचा दाखला लागतो, शिवाय नात्यात नसलेल्या जबाबदार व्यक्तींचे दाखले लागतात.

त्याच फॉर्मवर एक रकाना असतो : तुम्हाला कधी अटक झाली आहे का, तुमच्यावर खटला चालला आहे का? आमच्या घरात याच रकान्यावरून झोप उडाली. माझ्यावर काही नव्हतं. पण चुलतभावावर काळ्या दिनाच्या, म्हणजे १ नोव्हेंबरला सीमाभागातले मराठी लोक पाळतात त्या निषेधदिनाच्या, फेरीवरून गुन्हा नोंदलेला होता. सीमाभागातल्या किती घरांत अशी एखादी केस असते ते आपल्याला माहीत आहे. काकी रडकुंडीला आली, "आमच्या पोरामुळं तुझं काम अडलं तर गे?" तो प्रश्न उमेदवाराला उद्देशून असतो, चुलतभावाला नाही. चौकशीला आलेल्या हवालदारांनी विचारलं तेव्हा बाबांनी जे आहे ते सांगितलं, आणि ते तिथेच संपलं. ज्यांच्या स्वतःच्या नावावर अशी केस असेल त्यांनी ती दडवू नये. खोटी माहिती देणं किंवा माहिती लपवणं हेच अपात्रतेचं कारण ठरू शकतं, असं फॉर्मच्या माथ्यावरच छापलेलं असतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये अवतार सिंग खटल्यात माहिती दडवणाऱ्यांबद्दल सविस्तर निकाल दिला आहे. केसचं स्वरूप पाहूनच नियुक्ती अधिकाऱ्यानं निर्णय घ्यावा, असं त्यात म्हटलं आहे. वकिलाला दाखवून, निकालाची प्रत जोडून, सगळं लिहा.

माझी फाइल एका कार्यालयात बराच काळ पडून राहिली. विचारायला गेलं की "वर पाठवलीय" एवढंच ऐकायला मिळे. तेव्हा पंचायतीच्या पीडीओंनी (पंचायत विकास अधिकाऱ्यांनी) सल्ला दिला की तोंडी विचारू नकोस, तारीख घालून लेखी अर्ज दे आणि पोच घे. तसं केल्यावर फाइल हलली. गावातल्या लोकांना तोवर वाटायला लागलं होतं की नोकरीचं काही खरं नाही. त्या काळात मी शाळकरी मुलांच्या शिकवण्या घेतल्या. ज्यांना घर चालवायचं आहे त्यांनी ऑफर आली म्हणून हातातली नोकरी लगेच सोडू नये. वैद्यकीय तपासणी सिव्हिल हॉस्पिटलात एका दिवसात उरकली.

याच दिवसांत आज्जीनं मला विचारलं, "माणसं मारायचं सामान तू करणार व्हय?" तिनं रागानं नाही विचारलं. काकांच्या पलटणीतली गेलेली पोरं तिनं पाहिलेली आहेत. मी त्या प्रश्नाला बगल दिली नाही, कारण तो मलाही छळत होता. मी खूप वाचलं. १९४८ मध्ये ज्यांना देशाचे पहिले संरक्षण वैज्ञानिक सल्लागार नेमलं, त्या दौलतसिंग कोठारी यांच्याच देखरेखीखाली १९५६ मध्ये अणुस्फोटाच्या परिणामांचा सरकारी अभ्यास प्रसिद्ध झाला. शस्त्र म्हणजे काय हे लोकांना कळावं, हेही त्यांनी आपलंच काम मानलं. रासायनिक अस्त्रबंदी करारावर भारतानं १९९३ मध्ये सही केली आणि जाहीर केलेला सगळा साठा २००९ पर्यंत नष्ट केला. तेही काम शास्त्र जाणणाऱ्यांनीच केलं. आज्जीला मी म्हटलं, काका सीमेवर उभे असतील तर त्यांच्या हातातली नळी फुटू नये, हे बघायला कुणीतरी लागतंच. ती म्हणाली, "मग नीट बघ." तिचं समाधान झालं असं मी म्हणणार नाही. पण अर्ज भरण्याआधी प्रत्येकानं या प्रश्नाशी एकदा बसावं, असं मला मनापासून वाटतं. पगार आणि सरकारी नोकरी एवढ्याच कारणासाठी या कामात येऊ नये.

रुजू होताना संविधानाची शपथ, विवाहाबाबतचं घोषणापत्र आणि मूळ गावाची नोंद करून घेतात. मूळ गावाचा रकाना विचार करून भरा, पुढे गावी जायच्या प्रवास सवलतीसाठी तोच धरतात. मोबाइल बाहेर ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून लागते.

मग ट्रेनिंग, पुण्यात गिरीनगरला डायटमध्ये (डिफेन्स इन्स्टिट्यूट ऑफ अॅडव्हान्स्ड टेक्नॉलॉजीत), खडकवासल्याच्या पाण्याकाठी. १९५२ मध्ये शस्त्रास्त्रांच्या अभ्यासासाठी सुरू झालेली ही संस्था १९६७ मध्ये गिरीनगरला आली, आणि २००६ पासून तिला आजचं नाव आहे. बीएआरसीची, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राची, रीत याच्या उलटी. १९५७ पासून त्यांचं ट्रेनिंग स्कूल आहे, तिथे आधी वर्षभर शिकवतात आणि मग नेमणूक देतात. डीआरडीओ आधी नेमणूक देते आणि मग शिकवते. आमच्या वर्गात कॉम्प्युटरवाले, केमिस्ट्रीवाले, गणितवाले, सगळे एकत्र. देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेली पोरं, आणि बहुतेकांच्या घरात या क्षेत्रातलं कुणीच नाही, हे पाहून मला फार बरं वाटलं.

विषय भरपूर होते. रडार, हवाई गतिशास्त्र, धातू, दारूगोळा, आणि ज्याची कुणी कल्पना केलेली नसते ते म्हणजे खरेदीचे नियम. जनरल फायनान्शियल रूल्स २०१७ कळल्याशिवाय साधं यंत्रही मागवता येत नाही. दुसरी महत्त्वाची गोष्ट जीएसक्यूआर, म्हणजे लष्कराची लेखी मागणी. लष्कराला काय हवं, किती वजनाचं, किती पल्ल्याचं, कुठल्या थंडीत आणि कुठल्या वाळवंटात चालणारं, ते सैन्य लिहून देतं. शास्त्रज्ञ ते ठरवत नाही. वस्तू तयार झाल्यावर यूजर ट्रायलही सैन्यच घेतं आणि नापास करायचा हक्क त्यांचाच.

सगळ्यात मनावर ठसलं ते स्फोटकांचं प्रशिक्षण. प्रोपेलंट जळतं, त्याची आग थराथरानं पुढे सरकते आणि वायूच्या दाबानं गोळा ढकलला जातो. हाय एक्स्प्लोझिव्ह जळत नाही, त्यातून ध्वनीपेक्षा वेगवान धक्कालहर जाते. दोन्हींना आपण 'दारू' म्हणतो, पण दोन्हींची गणितं निराळी. एका इमारतीच्या दारावर पाटी होती : आत एका वेळी जास्तीत जास्त माणसं किती आणि स्फोटक किती. मर्यादेपलीकडे एकही माणूस आत घेत नाहीत, मग तो कितीही मोठा अधिकारी असो. दाराशी तांब्याची पट्टी असते. तिला हात लावून अंगावरची स्थिर वीज जमिनीत सोडायची आणि मगच उंबरा ओलांडायचा. आतली हत्यारं ठिणगी न पाडणाऱ्या धातूची. शिकवणारे सर त्या दिवशी एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होते : घाई करायची नाही. बाबांनाही फाउंड्रीत लॅडल (वितळलेल्या धातूचं भांडं) उचलताना मी हेच म्हणताना ऐकलं आहे.

ट्रेनिंगनंतर ज्याला त्याला आपापल्या प्रयोगशाळेत पाठवतात. नेमणूक गरजेनुसार होते, पसंती विचारली तरी ती मिळेलच असं नाही. पुणे, हैदराबाद, बेंगळुरू, चंडीगड, कुठेही जायची तयारी ठेवा. इथे बढतीसाठी वरची जागा रिकामी व्हायची वाट बघावी लागत नाही, कामाचं मूल्यमापन आणि मुलाखत होऊन पुढचा दर्जा मिळतो. मला ही पद्धत न्याय्य वाटते.

डिप्लोमा आणि बीएस्सी झालेल्यांसाठी वाट वेगळी आहे. सेप्टम नावाच्या केंद्रामार्फत टेक्निकल असिस्टंटची, आणि आयटीआय झालेल्यांसाठी टेक्निशियनची भरती निघते. उद्यमबागेत मशीनवर काम करणाऱ्या पोरांनी ती जाहिरात जरूर बघावी, त्यांच्या हातातलं कसब तिथे कामाचं आहे. बीईच्या शेवटच्या वर्षात असलेल्यांनी गेटचा अर्ज भरावा. अर्ज साधारण ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतात, आणि बेळगाव केंद्र हवं असेल तर पहिल्याच आठवड्यात भरलेला बरा. प्रतिज्ञापत्राचा नमुना ज्यांना हवा असेल त्यांनी कळवा, माझा मसुदा नाव-पत्ता काढून पाठवते.